जादाचा पाव

पावाची गाडी अकराच्या सुमारास आली. गावाच्या वरच्या अंगाला हॉर्न वाजला, दोनदा लांब आणि एकदा तुटक, आणि सकाळपासून चिडीचूप असलेल्या त्या गल्लीत दारांवरचे मण्यांचे पडदे एकामागून एक खळखळले. माश्या आत येऊ नयेत म्हणून स्पेनमधल्या खेड्यांत दाराला असे पडदे सोडतात. चार बायका आणि एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. कुणाच्या पायात सपाता, कुणाच्या अंगावर घरात वापरायचा फुलाफुलांचा झगा. गाडीचं मागचं दार उघडलं तसा भाजलेल्या पिठाचा वास गल्लीभर पसरला. पाववाला चाळिशीचा असेल. काय हवं ते त्याने कुणालाच विचारलं नाही. एकीला दोन लांब पाव, दुसरीला एक गोल, आजोबांना अर्धा, असं तो नुसतं हातात देत गेला. दोन दारांच्या कड्यांना कापडी पिशव्या अडकवलेल्या होत्या, त्यांतही त्याने जाता जाता पाव सरकवले. मी सगळ्यांच्या मागे उभी होते. माझी पाळी आली तेव्हा क्रेटमध्ये एकच गोल पाव उरला होता. तो शेजारच्या बाईंना काहीतरी म्हणाला. त्यांनी हळू आवाजात एक नाव घेतलं. मग त्याने तो पाव कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. ‘सोब्रा,’ तो म्हणाला. जादा झालाय.

गाडी गेल्यावर त्या बाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. माझं स्पॅनिश जेमतेम, त्यामुळे अर्धं बोलून आणि अर्धं हातवारे करून. समोरचं हिरव्या दाराचं घर. तिथल्या आजींचा हा नेहमीचा पाव. मागच्या रविवारी त्यांची मुलगी आली आणि त्यांना बिल्बाओला घेऊन गेली. आठ दिवस झाले, तरी पाववाल्याचा हात सवयीने त्यांचा पाव क्रेटमध्ये टाकतोच. नाताळाला येणार आहेत परत, त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या दोनदा म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या पावावर बोटाने टकटक करून म्हणाल्या, ‘चांगला आहे, खा.’

दीड किलोमीटरभर चालू शकेन एवढीही माझी टाच धड नव्हती, पण त्या दिवशी मला जे खुपत राहिलं ते टाचेचं दुखणं नव्हतं.

गावाचं नाव ओंतानास. उत्तर स्पेनमधलं, बुर्गोस शहरापासून पायी दीड दिवसाच्या अंतरावर. कामिनो दे सान्तियागो ही ख्रिस्ती यात्रेकरूंची जुनी पदयात्रा, ती चालणाऱ्यांच्या वाटेवर आहे म्हणून नकाशात सापडतं, एरवी कुणी शोधलं नसतं. ओर्निल्योस नावाचं गाव सोडलं की दहा-अकरा किलोमीटर नुसतं सपाट पठार लागतं. मेसेता म्हणतात त्याला. सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. गहू कापून झालेला, जिकडे पाहावं तिकडे फिकट पिवळी धसकटं, मध्येच गवताच्या चौकोनी गठ्ठ्यांच्या दोन मजली घराएवढ्या गंज्या, आणि कुठे काळ्या पडलेल्या माना खाली घालून उभी असलेली सूर्यफुलं. झाड नाही, घर नाही, आडोसा नाही. चंडोल तेवढे कुठूनतरी उडत आणि दिसायच्या आधी ऐकू येत. पाण्याची बाटली संपत आलेली, नकाशा म्हणतो गाव अर्ध्या किलोमीटरवर आहे, आणि समोर क्षितिजापर्यंत काही नाही. मनात शंका यायला लागते. आणि मग जमीन एकदम चिरते. पायाखाली, अगदी बुटांच्या टोकापाशी, चर्चच्या मनोऱ्याचं टोक वर येतं, मग त्याच्या आजूबाजूची कौलं, मग एक उतरती गल्ली. अख्खं गाव एका खळग्यात बसलेलं. वाऱ्यापासून लपून बसलंय असं वाटतं, पण खरं कारण पाणी. ओंतानास म्हणजे झरे. पठारावर पाणी नाही, खळग्यात आहे, म्हणून माणसं तिथे उतरली. आमच्या पारनेर तालुक्यात माळावरून ओढ्याकाठच्या गावात उतरताना हेच होतं, आधी देवळाचा कळस आणि मग घरं. त्यामुळे त्या उतारावर मला परकं वाटलं नाही. माती तेवढी वेगळी. आपल्याकडचा माळ तांबूस-काळा, मुरमाड. तिथला चुनखडीचा, इतका पांढुरका की दुपारी डोळे मिटून चालावंसं वाटतं.

चालणारे लोक गाव दुपारी दोन ते दुसऱ्या पहाटेपर्यंत पाहतात. मीही तसंच पाहिलं असतं. दुपारी एकेक जण लंगडत येतो, बूट बाहेरच्या फळीवर काढतो, आंघोळ करतो, मोजे धुतो. दोरीवर रंगीत कपडे फडफडायला लागतात, खुर्च्या रस्त्यावर येतात, कोरियन, जर्मन, ब्राझिलियन, सगळे एकमेकांना फोड दाखवतात. गावाला त्या वेळी गाव म्हणायचं का, असा प्रश्न पडावा. वारी ज्या गावातून जाते ते गाव पिठलं-भाकरी घेऊन रस्त्यावर आलेलं असतं, गाव आणि वारकरी एकमेकांत मिसळतात. इथे तसं नाही. चालणारे आपल्या वेळेला जगतात, गाव आपल्या. सप्टेंबरात सकाळी साडेसातपर्यंत अंधार असतो, तरी सहालाच बॅटऱ्या लावून मंडळी निघतात, आठ वाजता मुक्कामाच्या खोल्या रिकाम्या. पुढचे चालणारे दुपारपर्यंत येणार नाहीत. मधले हे सहा तास गाव एकटं असतं.

माझी उजवी टाच फुटून लाल झाली होती, म्हणून मुक्कामाच्या घरातल्या बाईंनी आणखी एक रात्र राहायला परवानगी दिली. एरवी एकाच रात्रीचा नियम असतो. तेव्हा मी ते सहा तास पाहिले. आधी झाडूचा आवाज. मग कुणीतरी दगडी चौथऱ्यावर बादली ओततं. पाकोळ्यांचा थवा चर्चभोवती किंचाळत फिरतो. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत कारंज्यापाशी येऊन बसतात, एक तासाने दुसरे येतात, दोघे बोलत नाहीत. गल्लीत वर-खाली करून मी घरं मोजली. ज्या घरांच्या खिडक्यांवरच्या पट्ट्यांच्या झापा पूर्ण खाली ओढलेल्या, ती बंद. ज्यांच्या अर्ध्या, ती चालू. बंद जास्त होती. काहींवर ‘विकणे आहे’चे फलक, उन्हाने फोन नंबराचे शेवटचे आकडे उडालेले. कडेची एक-दोन घरं ढासळायला लागली होती आणि ती कशी ढासळतात हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण मातीची भिंत सगळीकडे तशीच पडते. आधी वरचं कौल सरकतं. तिथून पाणी भिंतीच्या डोक्यात मुरतं. वरून दगड, आत कच्च्या विटा, त्या फुगतात, आणि मग एका पावसाळ्यात कोपरा बसतो. आमच्या गावात माळवदावर दरवर्षी पांढरीची माती टाकायला माणूस उरला नाही की घर चार वर्षांत जातं. माणूस राहत असतो तोवर घर गळतं आणि दुरुस्त होतं. माणूस गेला की ते फक्त गळतं.

पावाचं पुढे सांगायचं तर मी तो दुपारी खाल्लाच नाही. खोलीत आणून खिडकीत ठेवला आणि पलंगावर बसून त्याच्याकडे बघत राहिले. चांगला किलोभर वजनाचा, वरून करपट तपकिरी, मध्ये सुरीने मारलेल्या चिरा, चिरांच्या कडा पांढऱ्या पिठाने माखलेल्या. ओगासा म्हणतात त्या गोल पावाला. हातात धरून दाबला तर कवच कुरकुरतं आणि थोड्या वेळाने आतून परत वर येतं. गोव्यात पोदेर सायकलवरून पोंक-पोंक करत येतो तेव्हा लहान मऊ पाव मिळतो, तो एका चहाबरोबर संपतो. हा तसा नव्हता. एकटं माणूस चार-पाच दिवस तरी पुरवून खाईल. म्हणजे हा पाव रोजचा नसणार. बाईंना विचारलं तेव्हा कळलं, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. तीस वर्षं. आधी आताच्या पाववाल्याचे वडील आणायचे.

संध्याकाळी ऊन उतरलं तशा त्या बाई दाराबाहेरच्या दगडी बाकावर येऊन बसल्या आणि मला ‘इहा’ म्हणून हाक मारली. इहा म्हणजे मुली. मी पन्नाशीची, पण त्या ऐंशीच्या पुढच्या, त्यांना तो अधिकार होता. ‘पाव घेऊन ये,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पिवळट दिवा होता, ओट्याखाली नारिंगी गॅस सिलिंडर, भिंतीवर देवाची तसबीर आणि एका बँकेचं कॅलेंडर. त्यांनी पाव डाव्या हाताने छातीशी धरला, जसं लहान मूल धरावं. उलटा करून सुरीच्या टोकाने त्याच्या बुडावर हलकेच क्रूस काढला, कापला जाणार नाही इतका हलका. आणि मग सुरी आपल्याच दिशेला ओढत एक फोड कापली. क्रूस काढताना त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं. माझ्या आजीच्या हातून भाकरीचा तुकडा खाली पडला तर ती तो उचलून कपाळाला लावायची, तेव्हाही तिचं बोलणं थांबत नसे. मी त्यांना ते करून दाखवलं. त्या हसल्या आणि हाताच्या बोटांवर ओठ टेकवून पावाला लावले. पडलेल्या पावाचा मुका घ्यायचा, असं त्यांना लहानपणी शिकवलेलं.

मग त्यांनी लसणाचं सूप केलं. खरं तर सूप म्हणावं असं त्यात काही नव्हतं. कढईत ऑलिव्ह तेल, त्यात लसणाच्या सहा-सात पाकळ्या चिरून. त्या सोनेरी झाल्यावर आदल्या दिवसाच्या शिळ्या पावाचे तुकडे, त्यांवर धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड, ती करपायच्या आत पाणी. शेवटी एक अंडं फोडून ढवळलं. त्यात ताजा पाव चालत नाही, शिळाच लागतो, हे त्यांनी मला बजावून सांगितलं. फोडणीची भाकरी करताना आई हेच म्हणते. ताजी भाकरी चुरली की लगदा होतो. ज्या घरात रोजचं भाजलेलं वाया घालवायची पद्धत नसते तिथे शिळ्याचा एक स्वतंत्र पदार्थ असतो, आणि बहुतेक वेळा तो ताज्यापेक्षा जास्त आवडीचा असतो. मी दोन वाट्या खाल्ल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या उठल्या, बाहेर गेल्या. दारातून मला दिसलं, त्यांनी समोरच्या हिरव्या दाराच्या कडीला अडकवलेली रिकामी कापडी पिशवी काढली. पिशवीवर लाल धाग्याने भरतकाम केलेलं होतं. त्यांनी तिच्या चार घड्या घातल्या आणि झग्याच्या खिशात ठेवली.

ती पिशवी पाहिली तेव्हा मला आमचा डबा आठवला. पण त्यावर येईन.

मुक्कामाच्या घरातलं जेवायचं टेबल म्हणजे काचेखाली ठेवलेली एक जाड लाकडी फळी होती. पुढून वर वळलेली, होडीच्या नाकासारखी. पहिल्या दिवशी मी त्यावर ताट ठेवून जेवले आणि लक्षही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी काचेतून वाकून पाहिलं. फळीला खालून शेकडो खाचा आणि प्रत्येक खाचेत चकमकीच्या दगडाची एक धारदार चीप ठोकून बसवलेली. त्रियो म्हणतात त्याला, मळणीची फळी. सेगोव्हियाकडच्या कान्तालेहो गावचे कारागीर या फळ्या बनवून गावोगाव विकत, आणि आपसांत बोलायला त्यांची स्वतःची सांकेतिक भाषा होती. खळ्यावर कापलेला गहू पसरायचा, खेचराला ही फळी जुंपायची, वर पोराटोरांना वजनासाठी बसवायचं आणि दिवसभर गोल फिरायचं. दगडाच्या चिपांनी काड कापलं जाई, दाणे सुटत. गावाच्या पाठीमागे मी ते खळंही पाहिलं. गवत वाढलेलं, तरी खालचे गोल रचलेले दगड पायाला कळतात. जागा नेमकी जिथे वारा येतो तिथे निवडलेली. मी त्या गोलाच्या मधोमध उभी राहिले आणि नकळत तिवडा कुठे असेल ते शोधायला लागले. तिथे तिवडा नसतो. पण आमच्या खळ्यात मधोमध तिवडा असायचा, त्याला बैलांची पात बांधलेली, आजोबा मागून चालत, आणि आम्ही मुलं कडेच्या पेंढीवर. शेण धरायची पाटी माझ्याकडे असायची. संध्याकाळी वारा सुटला की चुलते वावडीवर चढून उफणायचे. बाजरीचा भुसा गळ्यात जाऊन दोन दिवस खाज सुटायची. ती खाज मला त्या दगडांवर उभं असताना मानेपाशी खरोखर जाणवली.

हे सगळं तिथे १९६०च्या दशकात संपलं. ट्रॅक्टर आला, मग कापून-मळून एकदमच पोत्यात दाणे देणारं यंत्र आलं, आणि ज्या शेताला वीस माणसं लागायची त्याला एक पुरेसा झाला. उरलेल्या एकोणिसांनी काय करायचं? त्याच सुमाराला, १९६४ मध्ये, सरकारने बुर्गोस शहराला औद्योगिक विकासाचं केंद्र म्हणून निवडलं. कारखाने उभे राहिले आणि आसपासच्या गावांतली तरुण पोरं तिकडे गेली. त्याआधीच बिल्बाओच्या पोलाद कारखान्यांकडे, बार्सेलोना-माद्रिदकडे ओघ होताच. आमच्याकडे सुपे आणि रांजणगावला एमआयडीसी आल्या तेव्हा मी कॉलेजात होते. त्यामुळे पोरं शेत सोडून कारखान्याच्या बसमध्ये कशी बसतात हे मला कुणी समजावायला नको. फरक इतकाच की आमच्या बसा संध्याकाळी परत येतात. त्यांच्या आल्या नाहीत. बुर्गोस हा स्पेनमधला सर्वांत जास्त नगरपालिका असलेला प्रांत, तब्बल ३७१. यातल्या कित्येकांत आपल्याकडच्या एका वाडीएवढीही वस्ती नाही. ओंतानासची शंभराच्या आत. साऱ्या देशात आठ हजारांवर नगरपालिका आणि त्यांतल्या जवळजवळ ५,००० मध्ये हजार माणसंही राहत नाहीत. ३१ मार्च २०१९ला अशा गावांमधली माणसं बसगाड्या भरून माद्रिदला मोर्चा घेऊन गेली होती. ‘एस्पान्या वासियादा’, म्हणजे रिकामा केलेला स्पेन, असं ते स्वतःच्या मुलखाला म्हणतात. रिकामा झालेला नव्हे, केलेला. या एका क्रियापदात केवढी तक्रार आहे! ऑगस्टमध्ये मात्र ही गावं भरतात. सुट्टीला शहरातली मुलं-नातवंडं येतात, झापा वर जातात, ग्रामदेवतेचा उत्सव होतो, रात्री दोनपर्यंत चौकात बँड वाजतो. गणपतीतल्या कोकणासारखं. आणि सप्टेंबर लागला की गाड्या परत जातात. त्या परतणाऱ्या गाड्यांपैकी एकीत हिरव्या दाराच्या आजी होत्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे टाचेला पट्टी लावून मी निघाले. पाव पाठपिशवीत होता, पाऊण उरलेला. ओंतानासपासून सहा किलोमीटरवर सान आन्तोनचे भग्नावशेष आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं, आणि एका वळणावर अचानक एक प्रचंड दगडी कमान रस्त्यावरून आडवी जाते. आजही डांबरी रस्ता त्या कमानीखालून जातो. कमानीपलीकडे छप्पर नसलेलं चौदाव्या शतकातलं चर्च, उंच खिडक्यांतून आभाळ, भिंतींच्या फटींत गवत आणि कबुतरं. ११४६ मध्ये इथे सेंट अँथनीच्या पंथाच्या साधूंनी मठ आणि रुग्णालय सुरू केलं. ते एकाच रोगासाठी प्रसिद्ध होते. ‘सेंट अँथनीचा अग्नी’ म्हणत त्याला. हातापायांत जाळ उठायचा, बोटं काळी पडायची, शेवटी सांध्यापासून आपोआप गळून पडायची. माणसाला भास व्हायचे. शेकडो वर्षं हा देवाचा कोप आहे असंच समजत. कारण पावात होतं. राई नावाच्या, गव्हासारख्या धान्याच्या ओंबीवर एक बुरशी येते, दाण्याच्या जागी काळं, शिंगासारखं टणक बीज तयार होतं, ते दळणात गेलं की पावातून पोटात जातं. अरगट.

तो शब्द मी तिथल्या माहितीफलकावर ओळखला आणि कमानीखालच्या दगडावर बसले. आमच्या घरात हा शब्द रोजचा होता. बाजरी फुलोऱ्यात असताना झड लागली, चार-चार दिवस ऊन पडलं नाही की कणसातून मधासारखे गुलाबी चिकट थेंब गळायला लागतात. वडील सकाळी शेतात जाऊन आले की फक्त एवढंच म्हणायचे, अरगट पडलाय. मग घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. बाजरीवरची बुरशी वेगळ्या जातीची, तिने बोटं गळत नाहीत. पण ती बाजरी खाल्ली तर मळमळ, उलट्या, चक्कर, डोळ्यांवर न आवरणारी झोप. पेरणीच्या आधी वडील दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे आणि त्या घंगाळात बियाणं ओतायचे. चांगलं बी तळाला बसतं. अरगटाचे काळे तुकडे आणि पोचट दाणे वर तरंगतात. ते गाळून काढायचे काम माझं आणि बहिणीचं. गाळलेलं बांधावर नेऊन जाळायचं, खाली बसलेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन सावलीत सुकवायचं. खारट पाण्याने बोटांच्या बेचक्या चुरचुरायच्या. मठातल्या साधूंकडे ही युक्ती नव्हती. पण ते रोग्याला गव्हाचा पाव द्यायचे, आणि गव्हावर अरगट सहसा पडत नाही. माणूस आपल्या गावची राई सोडून चालत इथवर यायचा, वाटेत गव्हाचा पाव खायचा, आणि बरा व्हायचा. तो त्याला चमत्कार म्हणायचा. घरी परतून पुन्हा राई खायला लागला की दुखणंही परतायचं. मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. कारण माहीत नसताना, नुसतं जेवू घालून, काही शतकं त्यांनी माणसं वाचवली.

कमानीखाली भिंतीत दोन कोनाडे आहेत. मठाचं दार रात्री बंद झाल्यावर उशिरा पोचणाऱ्या वाटसरूंसाठी साधू त्यांत अन्न ठेवत. कोण येणार ते त्यांना माहीत नसे. कुणीतरी येईल, एवढ्या हिशेबाने रोज ठेवत. आज त्या कोनाड्यांत चालणारे लोक चिठ्ठ्या ठेवतात, वर छोटे खडे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. मी पिशवीतून पाव काढला. एका दिवसात तो कडक झाला होता, पण आतला गर अजून ओलसर, किंचित आंबूस. कोनाड्यात ठेवावा असं क्षणभर वाटलं. पण बाईंनी ‘खा’ म्हटलं होतं. तिथेच बसून, थंड दगडाला पाठ टेकून, मी हिरव्या दाराच्या आजींचा पाव खाल्ला. प्रत्येक घास बराच वेळ चावावा लागत होता.

आता डब्याचं.

त्या वर्षी ज्येष्ठात आई न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, पण मी आणि भावाने ठरवलं की आता तिने गावी एकटीने राहायचं नाही. तिला पुण्याला आणलं. महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट आहे, दिवाळीला परत जाऊ, असं सांगून. घाईत कपडे घेतले, औषधं घेतली, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेतला. गिरणीत दळायला टाकलेला बाजरीचा डबा तिथेच राहिला. गावात वीज कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून लोक डबा गिरणीत ठेवून जातात आणि वीज आली की गिरणीवाला क्रमाने दळून ठेवतो. आमचा पत्र्याचा डबा, झाकणावर वडिलांनी निळ्या ऑइल पेंटने घातलेलं आडनाव. पुण्यात आल्यावर आईने पहिल्या आठवड्यात तीनदा विचारलं, डबा आणला का गं? मी म्हणत होते, आणू. इथल्या दुकानातलं बाजरीचं पीठ तिने हातात घेऊन हुंगलं आणि काही न बोलता परत ठेवलं. मग विचारायचं बंद केलं. कामिनोला मी त्यानंतर दोन महिन्यांनी गेले. भावाने पंधरा दिवस आईकडे पाहिलं.

दिवाळीला गावी गेले, एकटीच. आईला प्रवास झेपणार नाही असं डॉक्टर म्हणाले. घर झाडलं, पणती लावली, मग गिरणीत गेले. चार महिने झाले होते. पट्टा फिरत होता, हवेत पिठाचा तोच गरम वास, गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या. फळीवर ओळीने डबे, लोकांचे, भरलेले. आणि सगळ्यात वरच्या फळीवर आमचा, धुऊन पुसून पालथा घातलेला.

‘पीठ खराब होईल म्हणून वाड्यावरच्या मावशींना देऊन टाकलं ताई,’ तो पट्ट्याच्या आवाजावर ओरडून म्हणाला. ‘पण डबा ठेवलाय. जागा सोडलीय त्याची. आईंना कधी आणताय?’

‘उन्हाळ्यात,’ मी म्हणाले. आणि मग, त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, पुन्हा एकदा म्हणाले, ‘उन्हाळ्यात येणार आहे ती.’

त्याने मान हलवली आणि पुढचा डबा उचलून चाडीत ओतला.